सहजीवी ताऱ्याच्या उद्रेकाचे वर्णपट कसे घ्यावेत: नव्या निरीक्षकांसाठी

दुर्बिणीतून पाहिल्यास सहजीवी तारा हा एक साधा, किंचित तांबूस ठिपका असतो. त्याचा वर्णपट घेतला, की त्या एका ठिपक्यात तीन निरनिराळे प्रकाशस्रोत एकावर एक चढलेले दिसतात. पहिला स्रोत म्हणजे तांबडा राक्षसी तारा. याचे वातावरण इतके थंड असते की त्यात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू टिकून राहतात आणि वर्णपटाच्या तांबड्या भागात रुंद, पायऱ्यांसारखे शोषणपट्टे उमटवतात. दुसरा स्रोत म्हणजे त्याच्याभोवती फिरणारा लहान आणि अतितप्त जोडीदार, जो बहुतेक वेळा श्वेत बटू असतो. तिसरा स्रोत म्हणजे राक्षसी ताऱ्याकडून वाहणारा आणि जोडीदाराच्या अतिनील प्रकाशाने आयनीभूत होऊन चमकणारा वायू. उद्रेकात या तिघांचे परस्पर प्रमाण दिवसागणिक बदलत जाते. प्रकाशमापनातून तारा किती उजळला एवढे कळते, परंतु तिघांपैकी कोण बदलले हे सांगण्याचे सामर्थ्य वर्णपटातच असते.

हे निरीक्षण मध्यम आकाराच्या दुर्बिणीच्या आवाक्यात आहे. परंतु नव्या निरीक्षकाने एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. उद्रेकातील एकट्या वर्णपटाला फारसा अर्थ नसतो. त्याच ताऱ्याचा शांत अवस्थेतील वर्णपट, त्याच उपकरणाने आणि त्याच पद्धतीने घेतलेला, हाताशी असेल तरच रेषा वाढली की घटली हे ठरवता येते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीत आजचा वर्णपट कालच्या आणि पुढच्या महिन्याच्या वर्णपटाशी प्रामाणिकपणे ताडून पाहता येईल का, हाच विचार मुख्य ठेवला आहे.

पहिली पायरी: तारा निवडणे आणि उद्रेकाचा प्रकार ओळखणे

सहजीवी ताऱ्यांचे उद्रेक ढोबळमानाने दोन जातींचे असतात आणि त्यांच्या निरीक्षणाचे वेळापत्रक अगदी वेगळे असते. पहिली जात देवयानी तारकासमूहातील झेड अँड्रोमिडी या ताऱ्याच्या नावाने ओळखली जाते. यात तारा एक ते तीन प्रतींनी उजळतो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), उजळायला दिवस किंवा आठवडे लागतात आणि ओसरायला महिने लागतात. दुसरी जात पुनरावर्ती नवताऱ्यांची, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा पुन्हा अचानक भडकणाऱ्या ताऱ्यांची. भुजंगधारी समूहातील आरएस ओफियुकी ८ ऑगस्ट २०२१ रोजी अकराव्या प्रतीच्या आसपासून उसळून साडेचार प्रतीपर्यंत, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका तेजस्वी झाला. उत्तर मुकुटातील टी कोरोनी बोरिअॅलिस हा तारा १८६६ आणि १९४६ या वर्षी दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या प्रतीपर्यंत चढला होता आणि दोन्ही वेळा काही दिवसांतच पुन्हा डोळ्यांआड गेला होता.

सरावासाठी मी कालेय समूहातील एजी ड्रॅकोनिस सुचवेन. शांत असताना तो सुमारे ९.८ प्रतीचा असतो आणि मोठ्या उद्रेकात साडेआठ प्रतीच्या आसपास पोहोचतो. सक्रिय काळात त्याचे लहान-मोठे उद्रेक साधारण वर्षाच्या अंतराने येत राहतात, शिवाय उत्तर गोलार्धातील बऱ्याच भागातून तो वर्षातील बहुतेक काळ दिसतो. त्याचा थंड तारा के वर्गाचा, म्हणजे एम वर्गाच्या राक्षसी ताऱ्यांपेक्षा तप्त आहे, त्यामुळे टायटॅनियम ऑक्साइडचे ठळक पट्टे त्यात दिसणार नाहीत. ते पाहायचे असतील तर झेड अँड्रोमिडी किंवा हंसातील सीएच सिग्नी यांच्याकडे वळावे.

तारा निवडल्यावर त्याचा प्रकाशवक्र पाहावा. बदलत्या ताऱ्यांची निरीक्षणे १९११ पासून गोळा करणाऱ्या एएव्हीएसओ या संस्थेचे प्रकाशवक्र सर्वांना खुले आहेत. त्याचबरोबर ताऱ्याचा कक्षाकाल आणि त्या रात्रीची कक्षीय कला, म्हणजे जोडी कक्षेत कुठवर आली आहे ते, वहीत लिहावी. झेड अँड्रोमिडीचा कक्षाकाल सुमारे ७५९ दिवसांचा आहे. या काळात राक्षसी ताऱ्याची तापलेली बाजू कधी आपल्याकडे येते, तर कधी पलीकडे जाते आणि केवळ त्यामुळेही उत्सर्जन रेषा कमी-जास्त होतात. कला लक्षात घेतली नाही तर या नेहमीच्या बदलालाच उद्रेक समजण्याची चूक होते.

दुसरी पायरी: उपकरणाची मर्यादा समजून घेणे

वर्णपटलेखकाची विभेदनक्षमता म्हणजे तरंगलांबी भागिले ओळखता येणारा किमान फरक. दुर्बिणीच्या नळीत फिल्टरप्रमाणे बसवायच्या, मिलिमीटरला शंभर रेषांच्या साध्या ग्रेटिंगने (बारीक समांतर रेषा असलेल्या, प्रकाश रंगांत पसरवणाऱ्या काचेने) ही क्षमता शंभर ते दीडशेच्या आसपास मिळते. स्टार अॅनालायझर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. एवढ्यात हायड्रोजनच्या ठळक रेषा, आयनीभूत हेलियमची रेषा आणि टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे ओळखता येतात, पण मोजमापाला ती अपुरी पडते. आल्पी ६०० या स्लिट (प्रकाश आत घेणारी अरुंद फट) असलेल्या वर्णपटलेखकाची क्षमता नावाप्रमाणे सहाशेच्या आसपास, लिसाची हजाराच्या आसपास आणि २४०० रेषांचे ग्रेटिंग लावलेल्या एलहायरेस-३ ची पंधरा हजारांच्या घरात जाते. मात्र या शेवटच्या उपकरणाच्या एका चित्रात वर्णपटाचा अगदी अरुंद तुकडाच मावतो.

नवख्याने सहाशे ते हजार क्षमतेचे, निळ्यापासून तांबड्यापर्यंतचा सगळा वर्णपट एकदम देणारे उपकरण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्रेकात बदल निळ्या टोकालाही होतात आणि तांबड्या टोकालाही. ते एकाच रात्री, एकाच चित्रात मिळणे हे सूक्ष्म विभेदनापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

याचे एक उदाहरण जवळून पाहू. सहजीवी ताऱ्यांच्या वर्णपटात ६८२५ अँगस्ट्रॉमजवळ (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) एक रुंद उत्सर्जन रेषा दिसते आणि तिची फिकट जोडीदार ७०८२ जवळ असते. कित्येक वर्षे या रेषांचे मूळ कळत नव्हते. १९८९ मध्ये हान्स मार्टिन श्मिड यांनी त्याचा उलगडा केला. पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचे १०३२ आणि १०३८ अँगस्ट्रॉमचे अतिनील फोटॉन राक्षसी ताऱ्याजवळच्या उदासीन हायड्रोजनवर आदळतात आणि रामन विकिरणाने तांबड्या प्रकाशात उतरतात. हे होताना मूळ रेषेचा वेगामुळे आलेला पसरटपणा सुमारे ६.६ पटींनी वाढतो, म्हणून ती इतकी रुंद दिसते. आता अडचण अशी, की आपल्याच वातावरणातील ऑक्सिजनचा शोषणपट्टा ६८६७ अँगस्ट्रॉमला सुरू होतो, म्हणजे रामन रेषेपासून केवळ ४२ अँगस्ट्रॉमवर. साध्या ग्रेटिंगचा किमान फरक इथे पन्नास-साठ अँगस्ट्रॉमचा असल्याने दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. सहाशे क्षमतेच्या उपकरणात हा फरक अकरा-बारा अँगस्ट्रॉमवर येतो आणि रेषा मोकळी होते. तरीही पहिल्यांदा ती सापडल्यासारखी वाटली, तर शेजारी साध्या एम वर्गाच्या राक्षसी ताऱ्याचा वर्णपट ठेवून पाहावा, कारण टायटॅनियम ऑक्साइडच्या दोन पट्ट्यांमधला उंचवटाही रेषेसारखा भासतो.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष रात्र

तारा क्षितिजापासून निदान चाळीस अंश वर असताना निरीक्षण करावे. त्याखाली वातावरण निळा आणि तांबडा प्रकाश इतका वेगळा करते की स्लिटवर एक रंग नीट पडतो आणि दुसऱ्याचा काही भाग बाहेर सांडतो. परिणामी वर्णपटाचा उतार खोटा येतो, आणि उद्रेकात निळा प्रकाश किती वाढला हे तर त्या उतारावरूनच कळायचे असते. कमी उंचीवर निरीक्षण करणे टाळता येत नसेल, तर स्लिट क्षितिजाला लंब दिशेत फिरवून घ्यावी.

कॅमेरा ठरावीक तापमानाला स्थिर होऊ द्यावा आणि त्यानंतरच फोकस करावा. दुर्बिणीचा फोकस ताऱ्याची प्रतिमा स्लिटवर बारीक पडेल असा, तर वर्णपटलेखकाचा फोकस दिव्याच्या रेषा बारीक दिसतील असा लावायचा असतो. ही दोन कामे स्वतंत्र आहेत आणि सुरुवातीला बहुतेकांची गल्लत इथेच होते.

त्यानंतर जवळचा संदर्भतारा घ्यावा. तो ए किंवा बी वर्गाचा, ज्याचा खरा वर्णपट प्रमाणित संग्रहातून ठाऊक आहे असा, आणि आपल्या ताऱ्याच्या उंचीपासून चार-पाच अंशांच्या आत असावा. संदर्भतारा, सहजीवी तारा आणि शक्य असल्यास शेवटी पुन्हा संदर्भतारा, असा क्रम ठेवला तर मधल्या वेळात आकाशाची पारदर्शकता बदलली का हेही कळते.

एक्स्पोजर ठरवताना फार जपावे लागते. वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीने नवव्या-दहाव्या प्रतीच्या ताऱ्यासाठी पाच ते दहा मिनिटांची अनेक चित्रे घेऊन एकूण अर्धा ते एक तास प्रकाश जमवणे, हा सुरुवातीचा अंदाज ठीक आहे. परंतु सहजीवी ताऱ्याची एच-अल्फा रेषा, म्हणजे ६५६३ अँगस्ट्रॉमची हायड्रोजनची रेषा, भोवतालच्या सलग प्रकाशाच्या, म्हणजे रेषांखालच्या अखंड वर्णपटाच्या, कित्येक पट उंच असते. निळा भाग नीट यावा म्हणून दहा मिनिटे थांबले, की तेवढ्यात एच-अल्फा भरून वाहते. माझ्या पहिल्या काही वर्णपटांत या रेषेचा माथा सपाट झालेला आहे, आणि मोजमापासाठी ते वर्णपट कायमचे निरुपयोगी ठरले, कारण उद्रेकातील ती रात्र पुन्हा येत नाही. म्हणून दोन मालिका घ्याव्यात. एक लांब एक्स्पोजरची, निळ्या भागासाठी आणि क्षीण रेषांसाठी. दुसरी तीस सेकंदांपासून एक-दोन मिनिटांपर्यंतची, केवळ एच-अल्फासाठी. सोळा बिटांच्या चित्रात कमाल मूल्य ६५,५३५ असते. रेषेचा माथा पंचेचाळीस हजारांच्या खाली ठेवला तर संवेदकाचा प्रतिसाद सरळ रेषेत राहतो. उद्रेकात तारा रोज उजळत असल्याने काल चाललेला वेळ आज चालेलच असे नाही. प्रत्येक रात्री पहिले चित्र उघडून माथ्याचे मूल्य वाचावे आणि मगच पुढे जावे.

तरंगलांबीच्या अंशांकनासाठी निऑन-आर्गॉन दिव्याचे चित्र ताऱ्याच्या मालिकेच्या आधी आणि नंतर, दुर्बीण त्याच दिशेला असताना घ्यावे. उपकरण आपल्या वजनाने किंचित वाकते आणि दुर्बीण फिरली की रेषा सरकतात. टंगस्टनच्या दिव्याची फ्लॅट चित्रे (संवेदकाचा असमान प्रतिसाद काढण्यासाठी), डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि बायस (शून्य वेळाची) चित्रेही लागतात. डार्क त्याच तापमानाची आणि तेवढ्याच वेळाची असावीत, एवढे सांभाळले की पुरे.

चौथी पायरी: चित्रातून वर्णपट काढणे

आयसिस, डेमेट्रा, बास यांसारख्या आज्ञावल्या हे काम बरेचसे आपोआप करतात. कोणतीही एक निवडावी आणि मालिका संपेपर्यंत बदलू नये. क्रम असा असतो: डार्क व बायस वजा करणे, फ्लॅटने भागणे, वर्णपटाची पट्टी सरळ करणे, तिच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांतून आकाशाचा प्रकाश वजा करणे, दिव्याच्या रेषांवरून तरंगलांबी बसवणे आणि शेवटी संदर्भताऱ्यावरून काढलेल्या उपकरणाच्या प्रतिसादाने भागणे.

यांपैकी आकाश वजा करण्याच्या पायरीकडे विशेष लक्ष द्यावे. पाऱ्याच्या दिव्यांची एक रेषा ४३५८ अँगस्ट्रॉमला असते आणि दोनदा आयनीभूत ऑक्सिजनची महत्त्वाची निषिद्ध रेषा (अतिविरळ वायूतच ठळक होणारी रेषा) ४३६३ ला. सहाशे क्षमतेच्या उपकरणात या दोन रेषा वेगळ्या दिसतच नाहीत. वजाबाकी थोडी चुकली तरी रस्त्यावरच्या दिव्याची रेषा ताऱ्याच्या खात्यात जमा होते. वजाबाकी झाल्यावर ५४६१ अँगस्ट्रॉमला पाऱ्याचा काही अवशेष उरला आहे का हे पाहावे. तिथे काही उरले नसेल, तर ४३६३ वर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो.

उच्च विभेदनाच्या वर्णपटात पृथ्वीच्या गतीची दुरुस्तीही करावी लागते, कारण सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे वेगात सेकंदाला तीस किलोमीटरपर्यंत फरक पडतो. सहाशे क्षमतेला तो जाणवत नाही.

पाचवी पायरी: मोजणे, आणि समतुल्य रुंदीचा फसवेपणा

रेषेची ताकद सांगण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे समतुल्य रुंदी, अर्थात रेषेचे क्षेत्रफळ भागिले तिच्याखालचा सलग प्रकाश. पारदर्शकतेचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणून नवखे निरीक्षक तिच्यावरच थांबतात. उद्रेकात मात्र ती दिशाभूल करते. समजा, शांत अवस्थेत एच-बीटा रेषेची समतुल्य रुंदी ४० अँगस्ट्रॉम होती आणि उद्रेकात ती २४ झाली. रेषा क्षीण झाली असेच कोणालाही वाटेल. पण त्याच काळात त्या रेषेजवळचा सलग प्रकाश एका प्रतीने, म्हणजे अडीच पटींनी वाढला असेल, तर रेषेतून येणारा प्रत्यक्ष प्रकाश २४ गुणिले २.५ भागिले ४०, म्हणजे दीडपट झालेला असतो. रेषा वाढली होती. तिच्याखालची जमीन त्याहून अधिक वर आली होती.

यावर उपाय एकच आहे. त्याच रात्रीची प्रकाशमापनाची प्रत मिळवावी आणि वर्णपट निरपेक्ष प्रकाशप्रवाहाच्या मापात बसवावा. व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरची प्रत आवश्यक आहे. बी (निळ्या) फिल्टरचीही मिळाली तर फारच चांगले, कारण उद्रेकात निळा भाग अधिक वाढतो. प्रकाशमापन करणारा जोडीदार निरीक्षक मिळाला तर दोघांच्याही निरीक्षणांचे मोल वाढते.

त्यानंतर काही ठरावीक रेषा प्रत्येक वर्णपटात मोजाव्यात: एच-अल्फा, ४८६१ ची एच-बीटा, ४६८६ ची आयनीभूत हेलियमची रेषा, ५८७६ आणि ६६७८ च्या उदासीन हेलियमच्या रेषा, ५००७ व ४३६३ च्या ऑक्सिजनच्या निषिद्ध रेषा, ६०८७ ची सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची रेषा आणि ६८२५ ची रामन रेषा. एखादी रेषा दिसली नाही तर तसे स्पष्ट लिहावे. एखादी रेषा नाहीशी झाल्याची तारीख ही उद्रेकाच्या अभ्यासातील अत्यंत मोलाची नोंद असते.

सहावी पायरी: वर्णपटातून उद्रेक वाचणे

तप्त जोडीदाराच्या तापमानाचा ढोबळ अंदाज अतिशय सोप्या नियमाने करता येतो. वर्णपटात दिसणारा सर्वाधिक आयनीभूत अणू तयार व्हायला जितके इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एकक) लागतात, त्याला हजाराने गुणले की केल्विनमध्ये अंदाजे तापमान मिळते. रामन रेषा दिसत असेल तर तिच्यामागच्या ऑक्सिजनला ११४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे जोडीदार एक लाख चौदा हजार केल्विनच्या आसपास किंवा त्याहून तप्त असला पाहिजे. लोहाच्या ६०८७ च्या रेषेसाठी ९९ आणि ४६८६ च्या हेलियमसाठी ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. त्यामुळे या तीन रेषा तापमानाच्या शिडीच्या तीन पायऱ्यांसारख्या वापरता येतात.

झेड अँड्रोमिडी जातीच्या मोठ्या उद्रेकात जोडीदाराभोवती दाट वायूचे आवरण फुगते आणि त्याचा दिसणारा पृष्ठभाग थंड होतो. शिडी वरून खाली रिकामी होऊ लागते: आधी रामन रेषा मावळते, हेलियमची ४६८६ ची रेषा एच-बीटाच्या तुलनेत खचते, निळा सलग प्रकाश चढतो आणि त्याच्या उजेडात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे फिकट होतात. हायड्रोजन आणि उदासीन हेलियमच्या रेषांच्या निळ्या बाजूला शोषणाची खाच दिसू लागली, तर वायू आपल्या दिशेने बाहेर फेकला जात आहे असे समजावे. परंतु प्रत्येक उद्रेक असाच होतो असे मानू नये. एजी ड्रॅकोनिसचे मोठे उद्रेक बहुधा थंड असतात, तर लहान उद्रेकांत ४६८६ आणि एच-बीटा यांचे गुणोत्तर वाढते, म्हणजे जोडीदार उलट अधिक तापतो. हे गुणोत्तर नव्या निरीक्षकाच्या हातातील सर्वांत भरवशाचे साधन आहे. दोन्ही रेषा शेजारी असल्याने उपकरणाच्या प्रतिसादातील चूक आणि आंतरतारकीय धुळीचा परिणाम दोघींवर जवळजवळ सारखाच होतो.

वेग काढण्याची रीतही सोपी आहे: रेषेचे सरकणे भागिले मूळ तरंगलांबी, गुणिले प्रकाशाचा वेग. एच-अल्फाजवळ एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर. झेड अँड्रोमिडीच्या २००६ च्या उद्रेकात एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंना सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर वेगाचे उपघटक दिसले आणि त्यांवरून परस्परविरुद्ध दिशांनी सुटलेल्या दोन झोतांचा शोध लागला. तरंगलांबीत मोजल्यास हे उपघटक मुख्य रेषेपासून २६ अँगस्ट्रॉमवर येतात. म्हणजे सहाशे क्षमतेचे उपकरणही ते दाखवू शकते, फक्त त्यांचा प्रकाश मुख्य रेषेच्या मानाने फार थोडा असतो. म्हणून एच-अल्फाचा वर्णपट काढल्यावर उभा अक्ष ताणून रेषेच्या पायथ्याचा भाग नीट पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आरएस ओफियुकीसारख्या उद्रेकात चित्र निराळे असते. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फेकलेला वायू राक्षसी ताऱ्याच्या आधीच पसरलेल्या वाऱ्यावर आदळून मंदावत जातो, त्यामुळे सुरुवातीला अतिशय रुंद असलेल्या रेषा दिवसागणिक अरुंद होत जातात. इथे रेषेच्या अर्ध्या उंचीवरची रुंदी रोज मोजणे हेच मुख्य काम ठरते.

सातवी पायरी: सातत्य आणि नोंदी

नवताऱ्यासारख्या उद्रेकात पहिले दोन आठवडे रोज, आणि शक्य असल्यास एकाच रात्री दोनदा वर्णपट घ्यावा. झेड अँड्रोमिडी जातीच्या उद्रेकात चढत्या भागात दोन-तीन दिवसांनी आणि पुढे आठवड्यातून एकदा घेतला तरी चालते. उतरत्या भागाकडे लोकांचे लक्ष कमी होते आणि नेमक्या त्याच काळातले वर्णपट संग्रहांत विरळ असतात. नव्या निरीक्षकाचा हातभार तिथे सर्वाधिक लागतो.

प्रत्येक वर्णपट फिट्स (खगोलशास्त्रातील प्रमाणित प्रकारच्या) फाइलमध्ये ठेवावा आणि तिच्या शीर्षभागात जागतिक वेळेतील सुरुवात, एकूण एक्स्पोजर, उपकरण, विभेदनक्षमता, निरीक्षणस्थळ आणि संदर्भतारा यांची नोंद असावी. मूळ कच्ची चित्रे कधीही पुसू नयेत, कारण संस्करणातली चूक दोन वर्षांनी लक्षात आली तरी कच्च्या चित्रांवरून ती सुधारता येते. तयार वर्णपट एआरएएस (हौशी वर्णपट-निरीक्षकांचा गट) किंवा एएव्हीएसओ यांच्या संग्रहात द्यावेत. सहजीवी ताऱ्यांवर काम करणारे संशोधक तिथली निरीक्षणे नियमितपणे वापरतात आणि काही वेळा एखाद्या रात्रीचा उपलब्ध असलेला एकमेव वर्णपट हौशी निरीक्षकाचाच असतो.

तारा सूर्याजवळ जाऊन दिसेनासा झाला, तर तो पहाटे पुन्हा उगवू लागेल ती तारीख आधीच काढून ठेवावी. चाळीस अंशांची अट त्या वेळी पाळता येणार नाही; स्लिट उभी करून, संदर्भतारा त्याच उंचीवर घेऊन, पहिल्या मोकळ्या पहाटे वर्णपट घ्यावा आणि तो किती उंचीवर घेतला हे नोंदवावे. त्यात ६८२५ ची रेषा परत आली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.